माइनक्राफ्टमध्ये बेरीज चुकतेय: १ + १ = ३

जमाखर्च

मंडळी, नमस्कार. हा धागा तंत्रज्ञानात टाकू की विरंगुळ्यात यावर अर्धा तास घालवला, शेवटी इथे टाकतोय. चुकीच्या जागी असेल तर हलवा.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. १९ वर्षं आडत पेढीवर हिशेब लिहितो. दिवाळीत भाचा आला होता, सातवीत आहे. त्याने लॅपटॉपवर माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे रचून जग बांधायचा खेळ, दाखवला आणि त्यात पाय ठेवला की आपोआप उघडणारं दार करून दाखवलं. मी सहज विचारलं, "याला बेरीज येते का रे?" तो म्हणाला, "मामा, लोकांनी यात अख्खा कॉम्प्युटर बांधलाय." भाचा गेला परत पुण्याला, आणि मामा रोज रात्री जेवण झालं की क्रिएटिव्ह मोडमध्ये सपाट जग उघडून बसतोय. घरी थट्टा चालू आहे.

आतापर्यंत कळलेलं असं. रेडस्टोन म्हणजे खेळातलं वीज वाहणारं खनिज, त्याची पूड जमिनीवर टाकत गेलं की ती तार. खटका ओढला की तारेत १५ ताकद येते आणि दर घराला (घर म्हणजे एका ठोकळ्याएवढी जागा) एकाने कमी होते, म्हणजे १५ घरांनंतर ठणठणाट. रिपीटर लावला की पुन्हा १५. रेडस्टोन टॉर्च ठोकळ्याला लावायची. ठोकळ्यात वीज आली की टॉर्च विझते, गेली की पेटते. म्हणजे 'नाही' म्हणणारा दरवाजा, गेट. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग अँड केलं, म्हणजे दोन्ही खटके ओढले तरच 'हो' म्हणणारं गेट. तीन ठोकळे शेजारी शेजारी, कडेच्या दोघांच्या डोक्यावर टॉर्च, मधल्याच्या डोक्यावर पूड, आणि मधल्याच्या पोटाला समोरून एक टॉर्च. मागून दोन खटके. दोन्ही ओढले की वरच्या दोन्ही टॉर्च विझतात, पूड मरते, आणि पोटावरची टॉर्च पेटते. एकच ओढला तर नाही. कागदावर चार ओळींचा तक्ता करून ताळा जुळवला, बरोबर आला.

आता अडचण. एक अंकी बेरजेसाठी दोन दिवे हवेत. एकंचा दिवा एक्सऑरने (दोघांपैकी एकच खटका ओढला तरच 'हो') आणि दोनाचा, म्हणजे हातच्याचा, अँडने. एक्सऑर मी दोन कंपॅरेटरचं (ताकद मोजून वजाबाकी करणारे ठोकळे) केलं, पुढची बारकी बत्ती पेटवून वजाबाकीवर ठेवलेले. दोन खटक्यांना अ आणि ब म्हटलं तर एक कंपॅरेटर अ वजा ब काढतो, दुसरा ब वजा अ, आणि दोघांचं तोंड एका तारेत.

०+० दोन्ही दिवे बंद. १+० बरोबर. ०+१ बरोबर. १+१ ला दोन्ही दिवे लागतात! २ आणि १, म्हणजे ३. पेढीवर असा हिशेब केला असता तर शेठनी हाकललं असतं.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, काल जागा हवी म्हणून एकंचा दिवा उचलून पाचसहा घरं लांब ठेवला, तर उत्तर बरोबर आलं. परत जवळ आणला, परत ३. डोकं फिरलंय.

खारी_बिस्कीट

काका, भारी! मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला हाफ ॲडर (अर्धी बेरीज, म्हणजे हेच तुमचं यंत्र) ब्रेडबोर्डवर करायला लावतात आणि निम्म्या वर्गाचं चालत नाही :D

माझा अंदाज: अ आणि बच्या तारा कुठेतरी शेजारून जातायत. पूड शेजारच्या पुडीला आपोआप चिकटते. मधे एक घर रिकामं सोडा नाहीतर ठोकळा टाका. माझं पहिल्या वर्षी दर वेळी हेच व्हायचं.

जमाखर्च

तपासलं. सगळीकडे एकेक घर सुटलेलं आहे. एका वळणावर शंका होती तिथे ठोकळाही टाकला. अजून ३ च.

तिरकस

चाळिशी उलटलेल्या माणसाने गेममध्ये १+१ करायचं, आणि तेही चुकायचं. कॅल्क्युलेटर दीडशे रुपयांना मिळतो.

जमाखर्च

पेढीवर तीन आहेत. एकाचंही पोट उघडून बघता येत नाही.

वायरमन_तात्या

मला हा खेळ येत नाही, नातू खेळतो. पण एक्सऑर एक्सऑर काय लावलंय म्हणून त्याला विचारलं, तर त्याने मला चार ओळींचा तक्ता दाखवला. अरे, ही तर जिन्यातली वायरिंग!

खाली एक खटका, वर एक खटका, मधे एक दिवा. कुठलाही एक हलवला की दिवा बदलतो. दोन्ही हलवले की जैसे थे. टू-वे स्विचला तीन पेच असतात. मधल्या पेचात एकीकडे फेज आणि दुसरीकडे दिवा, आणि उरलेले दोन दोन पेच एकमेकांना दोन तारांनी जोडलेले. पोरांना शिकवताना मी हेच सांगतो: त्या दोन तारांची अदलाबदल झाली तरी काही जळत नाही, फक्त दोन्ही खटके एकाच दिशेला असताना दिवा लागेल की विझेल ते उलटं होतं. ४० वर्षं हे करतोय, आणि त्याला एवढं मोठं नाव आहे हे आज कळलं.

तुमच्या ३ चं काय ते माहीत नाही. पण दिवा लांब नेल्यावर विझतो म्हणजे तिथे थोडीशी वीज गळतेय. टेस्टर लावून बघा.

अर्धविराम

तात्यांनी निदान केलं, फक्त टेस्टर द्यायचा राहिला :)

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो, कामच चिपचं आहे, पण रेडस्टोन मी नोकरी लागायच्या आधीपासून खेळतोय. जमाखर्च, आधी खारीचा अंदाज का चुकीचा ते बघा, कारण ते तुम्हाला पुढे कामाला येईल. तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर अ ओढल्यावर बसुद्धा जिवंत झाला असता, म्हणजे १+० आणि ०+१ पण बिघडले असते. ते बरोबर येतायत. बिघाड फक्त दोन्ही चालू असताना आहे. आणि हातचा बरोबर येतोय, कारण तो टॉर्चवर चालतो. टॉर्चला वीज आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही.

कंपॅरेटर मात्र वाण्यासारखा आहे. तो किती आहे ते मोजतो. मागून आलेल्या ताकदीतून बाजूची ताकद वजा करतो आणि उरेल तेवढी पुढे देतो.

आता एक करा. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आहे ना? एफ३ दाबा आणि कंपॅरेटरमध्ये शिरणाऱ्या पुडीकडे बघा. उजव्या बाजूच्या मजकुरात पॉवर म्हणून आकडा दिसेल. अचा किती, बचा किती, इथे लिहा. हाच तात्यांचा टेस्टर.

जमाखर्च

अ: १२. ब: ९.

अरे देवा.

अर्धविराम

हां. पुढे तुम्हीच सांगा.

जमाखर्च

अची तार ४ घरं आहे, बची ७, कारण ती अँडच्या मागून वळसा घालून आणलीय. अ वजा ब = ३. ब वजा अ = ०, कारण उणे होत नाही. म्हणजे दोन्ही चालू असताना शून्य यायला हवं तिथे ३ ताकद बाहेर पडतेय. ती पहिल्या घरात ३, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १, आणि त्याच्या पुढे माझा दिवा. दिव्याला १ सुद्धा पुरते. दिवा लांब नेला की वीज वाटेतच संपते.

म्हणजे लांबचा दिवा बरोबर नव्हताच! चूक होती तशीच होती, फक्त दिसत नव्हती.

दोन्ही कंपॅरेटरच्या मागे आणि बाजूला येणाऱ्या तारांना अगदी तोंडाशी रिपीटर लावले. आता चारही ठिकाणी १५. १५ वजा १५ शून्य. १+१ ला फक्त हातच्याचा दिवा. रात्रीचे पावणेबारा, आणि मी एकटाच हॉलमध्ये टाळ्या वाजवतोय.

खारी_बिस्कीट

दंडवत _/\_ आमच्या सरांनी असं एकदा जरी विचारलं असतं!

शाईदौत

वाचते आहे, फार छान चालले आहे. मी निवृत्त शिक्षिका, गणित-विज्ञान शिकवत असे. द्विमान पद्धत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून आकडे लिहिणे, मुलांना जड जाते, तेव्हा मी वर्गात मापे घेऊन जात असे. आमच्या आजीकडे धान्य मोजायची लाकडी-पितळी मापे होती. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चिपटे एक धरले तर १, २, ४, ८, १६. प्रत्येक माप एकदाच घ्यायचे किंवा घ्यायचेच नाही, एवढा एकच नियम. मग १३ चिपटी ज्वारी कशी द्याल? अधोली, शेर आणि एक चिपटे. मापट्याला हात लावायचा नाही. लिहा: ११०१. झाले. पोरांना पाच मिनिटांत कळत असे.

जमाखर्च, तुमच्या दोन दिव्यांपैकी एक चिपट्याचा, दुसरा मापट्याचा. दोन चिपटी झाली की चिपटे रिकामे करून मापटे भरायचे, तोच हातचा.

आणखी एक, तात्यांसाठी. तुमच्या जिन्यातल्या खटक्यांना गणिताची भाषा लागू पडते हे क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवले. वय वर्षे २१. रिले (विजेने हलणारे खटके) आणि साधे खटके यांची जाळी म्हणजे जॉर्ज बूल यांचे बीजगणित, जे तोवर तर्कशास्त्राच्या पुस्तकात पडून होते.

वायरमन_तात्या

बाई, तुम्ही आम्हाला शाळेत असायला हव्या होत्या.

रिलेवरून आठवलं. नातू म्हणतो, आजोबा, खेळात बटण दाबून सोडलं तरी दिवा चालू राहील असं करायचंय. मी म्हटलं, विहिरीवर चल. मोटरचा स्टार्टर उघडून दाखवला, मेन बंद करून अर्थातच. हिरवं बटण दाबलं की कॉइल पट्टी ओढते, मोटर चालू. त्याच पट्टीबरोबर बाजूचा एक छोटा कॉन्टॅक्टही बसतो, तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बोट काढलं तरी वीज त्या कॉन्टॅक्टमधून कॉइलला मिळत राहते. म्हणजे कॉइल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. लाल दाबलं की ती साखळी तुटते. लाइट गेली तरी तुटते, आणि परत आल्यावर आपण जाऊन हिरवं दाबेपर्यंत मोटर बंदच. म्हणून तर रात्रीच्या लाइटीला शेतकरी ऑटो, म्हणजे आपोआप चालू होणारा स्टार्टर, बसवतात.

नातवाचं म्हणणं, खेळात पट्टी कुठून आणू?

अर्धविराम

तात्या, पट्टीऐवजी दोन टॉर्च. पहिलीची तार दुसरीच्या ठोकळ्याला, दुसरीची पहिलीच्या ठोकळ्याला. एक पेटली की दुसरीला विझवते, आणि दुसरी विझलेली आहे म्हणूनच पहिली पेटलेली राहते. एका ठोकळ्याला हिरवं बटण, दुसऱ्याला लाल. झाला स्टार्टर. याला लॅच म्हणतात, आणि एक लॅच म्हणजे एक बिट स्मृती. फरक एवढाच की जग बंद करून उद्या उघडलं तरी माइनक्राफ्टचा लॅच होता त्याच बाजूला सापडतो. लाइट जायची भानगड नाही.

नातवाला सांगा, एकच टॉर्च स्वतःच्याच ठोकळ्यावर फिरवून आणू नकोस. ती लागते-विझते-लागते करत बसते आणि जावा आवृत्तीत तीन सेकंदांत आठ वेळा विझली की जळाल्यासारखी गप्प होते. करून बघायला मजा येते म्हणा.

अवांतर: एका ठोकळ्याला दोन तारा आणि एक टॉर्च, हे नॉर गेट: दोन्ही तारा मेलेल्या असतील तरच पेटतं. फक्त नॉरमधून बाकी सगळं बांधता येतं. अपोलो यानांतला दिशादर्शक संगणक तीन तोंडांच्या नॉर गेटवरच उभा होता. त्यामुळे टॉर्चला कमी लेखू नका.

भाकरतुकडा

मधेच घुसते, सॉरी. माझी मुलगी माझ्या फोनवर खेळते. व्हिडिओत बघून पिस्टनचं (ठोकळे ढकलणाऱ्या यंत्राचं) दार जसंच्या तसं बांधते आणि चालत नाही, मग रडारड. तिचं चुकतंय की फोनचं?

खारी_बिस्कीट

ताई, कुणाचंच नाही. फोनवर बेडरॉक आवृत्ती असते, ते व्हिडिओ बहुतेक जावाचे. जावामध्ये पिस्टनची एक विचित्र सवय आहे: त्याच्या डोक्यावरच्या घराला वीज मिळण्यासारखी असेल तरी तो स्वतः हलतो. मुळात ती चूकच होती म्हणे, पण लोकांनी इतकं काही त्यावर बांधलं की आता काढता येत नाही. बेडरॉकमध्ये ती नाही. तेव्हा दाराचे व्हिडिओ शोधताना बेडरॉक असं लिहून शोधायला सांगा. टॉर्च, रिपीटर, कंपॅरेटरची साधी गेट्स दोन्हीकडे चालतात. फक्त काकांसारखं एफ३ नाही, घरं बोटांनी मोजायची.

अर्धविराम

आणि पैसे घालायचे नसतील तर लुआंटी बघा, पूर्वीचं माइनटेस्ट, २०२४ मध्ये नाव बदललं. मुक्त आणि फुकट. त्यात मेसेकॉन्स नावाची जोडणी घातली की तारा आणि गेट्स मिळतात. दिसायला जरा रांगडं आहे.

भाकरतुकडा

खूप आभार दोघांचे! तिला वाचून दाखवलं. "म्हणजे मी बरोबर होते," एवढंच म्हणाली आणि फोन घेऊन गेली.

तिरकस

सगळं ठीक आहे, पण कंपॅरेटर-टॉर्चच्या नावाखाली रात्री बारा वाजेपर्यंत जागरण. मुलांनी केलं असतं तर?

(माझा मुलगाही खेळतो. त्याच्याकडून वरचं अँड करून घेतलं काल. चाललं.)

जमाखर्च

तिरकसराव, स्वागत आहे :)

चार दिवसांनी आलोय, कारण चार अंकी बेरीज बांधत होतो. शाईताई, तुमची चारही मापं आता माझ्याकडे आहेत, पायली सोडून. पहिल्या घराला (इथे घर म्हणजे अंकाची जागा) दोनच आकडे मिळवायचे असतात, पुढच्या प्रत्येक घराला तीन, दोन आकडे आणि मागून आलेला हातचा. म्हणून तिथे अर्ध्या बेरजा दोन लावाव्या लागतात आणि त्यांचे दोन हातचे एका तारेत जोडायचे.

तिथेही एकदा आपटलो. दुसऱ्या घराची तार ठोकळ्यात घुसवली आणि ठोकळ्याच्या पलीकडून पूड पुढे नेली. मेलेली. पुडीने ठोकळ्यात दिलेली वीज टॉर्च विझवायला पुरते, पण पलीकडची पूड जागवायला पुरत नाही. त्यासाठी ठोकळ्याच्या तोंडाशी रिपीटर हवा. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. तिसऱ्या संध्याकाळी अर्धविरामांसारखं ओळीओळीने तपासलं: सगळं एकदम न बघता एकेक घर सुटं करून चार ओळींचा, मग आठ ओळींचा तक्ता. पेढीवर आम्ही ताळेबंद न जुळल्यावर पानापानाची बेरीज तपासतो तसंच.

आणि मग जे दिसलं ते सांगायलाच आलोय. खटक्यांवर ७ अधिक ० ठेवलं होतं, दिव्यांवर ७. बचा पहिला खटका ओढला, म्हणजे ७ + १. दिवे लगेच ८ झाले नाहीत. आधी ६ दिसले. मग ४. मग ०. आणि मग ८.

मी दोनदा डोळे चोळले. मग कळलं, हातचा चालत होता! पहिल्या घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक घरात पोचला की तिथला दिवा विझवत. आयुष्यभर "हातचा एक" म्हणत आलो, पण तो असा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना पहिल्यांदा पाहिला. हातचा जरा सावकाश यावा म्हणून मी त्याच्या वाटेतल्या रिपीटरांचा विलंब चारवर केला आणि पाचसहा वेळा नुसता बघत बसलो.

अर्धविराम

आहाहा. खऱ्या चिपमध्येही हेच होतं, फक्त इतक्या वेगात की दिसत नाही. मधली ६, ४, ० ही खोटी उत्तरं कुणी उचलू नयेत म्हणून घड्याळाचा ठोका पडेपर्यंत थांबायचं, माझ्या नोकरीचा बराचसा भाग एवढाच आहे. तुमच्या कारखान्यात रिपीटर एकला एक दशांश सेकंद खातो, चारवर चार दशांश. म्हणून डोळ्यांना दिसलं.

शाईदौत

मला या वयात हा खेळ बघावासा वाटू लागला आहे. नातीला सांगते.

जमाखर्च

भाच्याला काल व्हिडिओ कॉल केला. लॅपटॉपसमोर फोन धरून खटका ओढला. पलीकडून आवाज, "मामा चुकलं, सहा... चार... अरे शून्य... आठ! परत कर, परत कर." चार वेळा करायला लावलं. मग म्हणाला, "वजाबाकी कर आता."

मंडळी, वजाबाकीला हातचा नसतो, उसना घ्यावा लागतो. नवीन यंत्र बांधायचं का?

खारी_बिस्कीट

नाही काका! बेरजेचंच यंत्र चालेल. बच्या चारही तारांवर एकेक टॉर्च लावून आकडा उलटा करा आणि पहिल्या घराला बाहेरून एक हातचा द्या. ५ वजा ३: ३ म्हणजे ००११, उलटं ११००. ०१०१ मध्ये ११०० मिळवा, वर हातचा एक. उत्तर १००१०, पाचवा अंक सोडून द्या. उरलं ००१०, म्हणजे २.

फक्त एक वाईट बातमी. तुमचं पहिलं घर अर्ध्या बेरजेचं आहे. त्याला हातचा घ्यायला तोंडच नाही. ते मोडावं लागणार.

जमाखर्च

ते सगळ्यात आधी बांधलेलं, १+१=३ वालं?

खारी_बिस्कीट

हो :(

जमाखर्च

ते ठेवतो तसंच, रिपीटर काढून. नवीन शेजारी बांधतो. भाचा मे महिन्यात येणार आहे, त्याला आधी ३ दाखवायचेत.